बंदरावरचे कोठार, कोठारातले हॉटेल

१. प्रश्नाची मांडणी

केपटाउनच्या बंदरात धान्याचे एक भलेमोठे काँक्रीटचे कोठार उभे आहे. १९२४ साली ते वापरात आले तेव्हा ५७ मीटर उंचीची ती इमारत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सर्वांत उंच ठरली. आज तिच्या खालच्या भागात आफ्रिकी समकालीन कलेचे ‘झाइट्झ मोका’ हे संग्रहालय आहे आणि मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांवर अवघ्या २८ खोल्यांचे ‘द सायलो’ हे हॉटेल. सिंगापूर नदीच्या काठी, रॉबर्टसन की भागात, १८९५ सालच्या गोदामात ३७ खोल्यांचे ‘वेअरहाउस हॉटेल’ २०१७ मध्ये सुरू झाले. कोपनहेगनच्या न्यूहावन धक्क्यावरची १८०४ सालची वखार १९७१ पासून हॉटेल म्हणून नांदते आहे.

अशा हॉटेलांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक पाहुण्याच्या नजरेतून: खिडकीतून काय दिसते, खोली कशी सजवली आहे. प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न वेगळा आहे. मालासाठी बांधलेली वास्तू माणसांच्या मुक्कामासाठी वापरताना तिच्यातले नेमके काय टिकते, काय जाते, आणि ही देवघेव कोणत्या अटींवर योग्य मानावी?

माझे प्रतिपादन असे: बांधणीचा तर्क, किनाऱ्यावरचा लोकांचा वाटा आणि तिथे झालेल्या श्रमाची नोंद, या तीन गोष्टी एकत्र टिकल्या तरच हे रूपांतर समर्थनीय ठरते. आणि त्या टिकवण्याची हमी हॉटेल-व्यावसायिक ठरण्याआधीच घ्यावी लागते. एकदा करार झाला की व्यावसायिकाच्या सद्भावनेवर विसंबून काहीच हाती लागत नाही.

२. व्याप्ती

विवेचनाच्या सोयीसाठी तीन अटी घालू. एक, इमारत मुळात साठवण, प्रक्रिया किंवा जहाजबांधणी यांसाठी बांधलेली असावी. दोन, ती पाण्यालगत असण्याचे कारण व्यापारी असावे. देखाव्यासाठी ती तिथे आलेली नसावी. तीन, हॉटेल लहान असावे, म्हणजे खोल्यांची संख्या इमारतीच्या मापाने ठरलेली असावी.

पहिल्या अटीने फोर्ट कोचीचे ‘ब्रंटन बोटयार्ड’ बाहेर पडते. जुन्या जहाजबांधणीच्या जागेवर, जुन्या वळणाने, पण नव्याने बांधलेली ती वास्तू आहे. तिसऱ्या अटीने व्हेनिसमधील जुदेक्का बेटावरची ‘मोलिनो स्टुकी’ ही पिठाची गिरणी बाहेर जाते. एर्न्स्ट वुलेकोप्फ या जर्मन वास्तुविशारदाने घडवलेली ही विटांची प्रचंड गिरणी १९५५ मध्ये बंद पडली, २००३ मध्ये दुरुस्तीच्या काळात तिला आग लागली आणि २००७ मध्ये तिथे ३७९ खोल्यांचे हॉटेल उघडले. तुलनेसाठी मात्र तिचा उपयोग होतो, म्हणून ती पुढे पुन्हा येईल.

३. कोठारे रिकामी का झाली

या इमारती जीर्ण झाल्या म्हणून ओस पडल्या, असा समज आहे. बहुतेक ठिकाणी कारण उलटे आहे. इमारत धडधाकट होती. तिचे काम गेले.

पूर्वी जहाजातला माल पोत्यांत, पिंपांत, गासड्यांत येई. तो उतरवायला दिवसचे दिवस लागत. उतरलेला माल वर्गवारी होईपर्यंत आणि जकात भरली जाईपर्यंत ठेवायला धक्क्यालगत छप्पर हवे असे. वखार म्हणजे जहाजाचा वेग आणि बाजाराचा वेग यांतला फरक भरून काढणारी जागा. एप्रिल १९५६ मध्ये अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेले, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत हा फरकच नाहीसा झाला. कंटेनर हीच फिरती वखार बनली. तिला छप्पर नको होते. हवे होते खोल पाणी, मोकळे पटांगण आणि रुंद रस्ता. शहराच्या मध्यातल्या जुन्या धक्क्यांकडे यांपैकी काहीच नव्हते.

सिंगापूरमध्ये सरकारी निर्णयानेही हातभार लावला. १९७७ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी नदी स्वच्छ करण्याची दहा वर्षांची मोहीम जाहीर केली. १९८३ मध्ये मालवाहू पडाव पासिर पांजांगला हलवले गेले आणि १९८७ पर्यंत नदी स्वच्छ झाली. ज्या घाणीमुळे काठावर फिरायला कोणी येत नसे ती गेली, आणि ज्या वर्दळीमुळे काठ जिवंत होता तीही गेली. पाणी निर्मळ आणि गोदामे रिकामी, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. हॉटेलाची शक्यता त्या जोडीतून जन्मली.

४. बांधणीचे तीन प्रकार

बंदरावरच्या साठवण-इमारतींचे बांधणीवरून तीन ठळक प्रकार पडतात.

पहिला प्रकार लाकडी तुळयांचा: बाहेर जाड भिंती, आत पाइनच्या तुळया, बुटके मजले. कोपनहेगनची वखार या वर्गातली. इथे तुळयांचे अंतरच खोलीची रुंदी ठरवते. धोका आगीचा.

दुसरा प्रकार त्या आगीच्या भीतीतून आला. १८४६ मध्ये उघडलेल्या लिव्हरपूलच्या अल्बर्ट डॉकमध्ये जेसी हार्टली या अभियंत्याने लाकूड वगळून बिडाचे खांब, वीट आणि दगड यांवर वखारी उभ्या केल्या. अमेरिकन यादवीच्या काळात मुंबईहून निघालेला कापूस याच लिव्हरपूलला जात होता आणि त्या पैशावर मुंबईचे रूप पालटले. त्यामुळे या दुसऱ्या प्रकाराशी आपले नाते जुने आहे.

तिसरा प्रकार प्रबलित काँक्रीटच्या सायलोचा. पहिल्या दोन प्रकारांत मजले असतात, म्हणजे माणूस आत उभा राहील अशी जागा आधीच असते. सायलोमध्ये तीही नसते. तिथे नुसत्या उभ्या नळ्या असतात, त्यामुळे रूपांतराची खरी परीक्षा याच प्रकारात होते.

५. भार, उजेड आणि खारी हवा

कोणत्याही प्रकारात अभियंत्यासमोर तीन प्रश्न उभे राहतात.

*भार.* हा प्रश्न रूपांतराच्या बाजूचा आहे. आपल्याकडच्या आयएस ८७५ या मानकात हॉटेलच्या शयनखोलीसाठी प्रतिचौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो, भार गृहीत धरतात. साठवणीच्या जागेसाठी किमान ७.५ किलोन्यूटन. पोत्यांच्या थप्प्या पेललेल्या जमिनीला पलंग आणि न्हाणीघर जड नाहीत. ही शिल्लक ताकद हेच रूपांतराचे भांडवल. शांघायच्या साउथ बंडवरील १९ खोल्यांच्या ‘वॉटरहाउस’ हॉटेलमध्ये नेरी अँड हू या वास्तुविशारदांनी १९३० च्या दशकातील तीन मजली इमारतीच्या डोक्यावर गंजरंगी पोलादाचा नवा भाग चढवला. मात्र उभा भार पेलणे आणि भूकंपाचा आडवा धक्का सोसणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या बाबतीत जुनी वखार बहुधा कमकुवत असते.

*उजेड.* हा प्रश्न रूपांतराच्या विरोधात जातो. मालाला उजेड नको असतो. ऊन आणि दमट हवा त्याला घातकच. त्यामुळे वखारी खोल आणि खिडक्या लहान. नेहमीच्या उंचीच्या खिडकीतला उपयोगी उजेड आत सहा-सात मीटरपर्यंत पोचतो. वखार त्याच्या तिप्पट-चौपट खोल असू शकते. उपाय तीनच: मधला भाग कापून चौक काढणे, छतातून उजेड घेणे, किंवा अंधाऱ्या मधल्या पट्ट्यात न्हाणीघरे, जिने आणि वावराच्या वाटा ढकलणे. चौथा मार्ग, म्हणजे दर्शनी भिंतीला मोठी भोके पाडणे, सर्वांत सोपा आणि सर्वांत विध्वंसक. भिंतीची घनता हीच वखारीची ओळख असते, आणि ती एकदा गेली की उरलेली इमारत कुठलीही असू शकते.

*खारी हवा.* हा प्रश्न कधीच सुटत नाही. काँक्रीटच्या अल्कधर्मामुळे आतल्या सळईवर एक संरक्षक थर तयार होतो. समुद्री हवेतले क्लोराइड हळूहळू आत झिरपून तो थर फोडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्या दाबाने वरचे काँक्रीट फुगते, तडकते, आणि एके दिवशी पोपडा सुटून सळई उघडी पडते. विटांच्या इमारतीत मीठ भिंतीत चढते आणि स्फटिक होताना वीट आतून भुसभुशीत करते. तिला वरून सिमेंटचा गिलावा दिला तर ओल आत कोंडली जाऊन नुकसान वाढते, म्हणून चुन्याचाच गिलावा लागतो. शिवाय पाणी पायाशीच असते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी व्हेनिसमध्ये भरतीची पातळी १९४ सेंटीमीटरवर गेली होती, १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ वर. विजेचे पॅनल, पंप, स्वयंपाकघर तळमजल्यावर ठेवणारा आराखडा किनाऱ्यासाठी केलेलाच नसतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. किनाऱ्यावरची जुनी इमारत एकदा दुरुस्त करून भागत नाही. तिला कायमचा, नियमित पैसा लागतो. तो देऊ शकणारा वापरच तिला वाचवतो.

६. केपटाउन: जवळून

नळीची भिंत कशी काम करते ते आधी समजून घेऊ. आपली कणगी गोल विणतात, त्यामागचे कारण तेच सायलोमागचे: धान्य चहूबाजूंनी सारखे बाहेर रेटते आणि गोल भिंत तो रेटा कड्यासारख्या ताणात घेते, कुठेही कोपऱ्यात तो साचत नाही. एच. ए. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये दुसरी बाब गणिताने मांडली. धान्य भिंतीला घासत राहते, त्या घर्षणाने त्याचे बरेचसे वजन भिंतच उचलते आणि ठरावीक खोलीनंतर तळाचा दाब जवळपास वाढतच नाही. त्यामुळे उंच सायलोची भिंत आश्चर्य वाटावे इतकी पातळ चालते. केपटाउनच्या ४२ नळ्या ३३ मीटर उंच आहेत आणि त्यांच्या भिंती अवघ्या १७० मिलिमीटर जाडीच्या होत्या.

पण ही ताकद कडे अखंड असेपर्यंतच. नळी कापली की ताण वाहून नेणारी साखळी तुटते. या कोठाराचे रूपांतर करणाऱ्या थॉमस हेदरविक यांच्या स्टुडिओला नेमके तेच करायचे होते: एकमेकींना चिकटलेल्या नळ्यांच्या गठ्ठ्यातून मोठी मोकळी जागा कोरायची. त्यांनी नळ्यांच्या आत २५० मिलिमीटर जाडीचे नवे काँक्रीट ओतून एकूण भिंत ४२० मिलिमीटरची केली आणि मग काप घेतला. कोरण्याचा आकार मक्याच्या दाण्यावरून ठरवला. दाण्याचे डिजिटल मोजमाप घेऊन तो सुमारे २७ मीटर उंचीपर्यंत मोठा केला. कापाच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. त्यामुळे आज तिथे उभे राहिले की जुने खरखरीत काँक्रीट, त्यातली खडी, नवा थर आणि दोहोंतली सीमा उघड दिसते. काय मूळचे, काय नंतरचे, हे वास्तू स्वतःच सांगते. नळ्यांच्या माथ्यावर जाड काचेची झाकणे बसवून उजेड वरून खाली सोडला. बाहेरची भिंत न फोडता उजेड आणायचा हाच मार्ग. काही नळ्यांत लिफ्ट आणि गोल जिना बसवला आहे.

हॉटेल मात्र नळ्यांमध्ये नाही. ते धान्य वर चढवण्याच्या यंत्रणेच्या मनोऱ्यात आहे. या मनोऱ्याची काँक्रीटची चौकट तशीच ठेवली आणि चौकटीतल्या चौकोनांत ५.५ मीटर उंचीच्या, अनेक पैलूंच्या, बाहेर फुगलेल्या काचा बसवल्या. प्रत्येक तुकडा जरा वेगळ्या कोनात असल्याने टेबल माउंटन, समुद्र आणि आकाश एकाच खिडकीत तुकड्यातुकड्यांनी उमटतात. भोके नवी पाडली नाहीत. चौकटीने आधीच आखून दिलेल्या जागा भरल्या. खोल्यांची संख्या २८ वर थांबली ती यामुळे.

सर्वांत मोलाचा निर्णय वाटपाचा आहे. प्रवेशाचा तळ, मोठा चौक आणि नळ्यांचा गठ्ठा संग्रहालयाकडे गेला. हॉटेलला वरचा भाग मिळाला. पैसे भरून राहणारा पाहुणा उंचीचा मानकरी ठरला, पण वास्तूचा गाभा नागरिकाकडे राहिला. हॉटेल मार्च २०१७ मध्ये आणि संग्रहालय सप्टेंबरमध्ये उघडले, तरी आखणीत त्यांचा विचार एकत्र झाला होता. माझ्या मते या प्रकल्पाचे श्रेय काचांपेक्षा या वाटपाला आहे.

७. हॉटेलच का, आणि लहानच का

घरे का करू नयेत, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर वापराच्या स्वरूपात आहे. कुटुंबाला स्वयंपाकघराचा धूर जायला वाट लागते, कपडे वाळत घालायला जागा लागते, मुलांना अभ्यासाला सारखा उजेड लागतो. दोन रात्रींच्या पाहुण्याला तिरकी भिंत, बुटके छत, खोलीच्या मधोमध आलेला खांब चालतो. तो त्यासाठीच आलेला असतो. शिवाय हॉटेलमध्ये दिवसरात्र माणसे असतात, गळती लगेच लक्षात येते आणि रोजच्या उत्पन्नातून देखभाल होते.

लहानपणाचे कारण भूमितीत आहे. जुन्या इमारतीत दोन खोल्या क्वचितच सारख्या निघतात. प्रत्येकीचा आराखडा, नळकाम, वातानुकूलन वेगळे करावे लागते. त्यामुळे प्रतिखोली खर्च वाढतो आणि भाडे चढते. व्यावसायिकाला साहजिकच संख्या वाढवून तो खर्च वाटून घ्यावासा वाटतो, आणि इथेच दोन वाटा फुटतात. शांघायचे १९, केपटाउनचे २८ आणि सिंगापूरचे ३७ हे आकडे इमारतीने ठरवले आहेत. ३७९ हा आकडा गाठायचा तर गिरणीचे आतले सलग कप्पे खोल्यांच्या रांगांत मोडावे लागतात. स्टुकीचे बाहेरचे रूप व्हेनिसच्या किनाऱ्यावर आजही भव्य दिसते आणि ते वाचले याचा आनंदच आहे. पण दाणा कुठून शिरे आणि पीठ कुठून बाहेर पडे, हे आत शिरलेल्या माणसाला वास्तू सांगू शकत नाही.

८. दोन आक्षेप

पहिला आक्षेप न्यायाचा. हमालांनी पाठीवर पोती वाहिलेल्या जागी श्रीमंतांची शय्या घालणे अनुचित आहे, असे म्हटले जाते. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. केपटाउनच्या गोदीत १९१९ च्या डिसेंबरात मजुरांचा मोठा संप झाला, क्लेमेंट्स कडाली यांच्या संघटनेच्या नेतृत्वाखाली, आणि त्यात वेतनाबरोबर धान्य देशाबाहेर पाठवण्यालाही विरोध होता. धान्य निर्यातीचे हे यांत्रिक कोठार त्यानंतर पाच वर्षांनी सुरू झाले. हा इतिहास जर पाहुण्याला कळत नसेल, तर नळ्यांचे सौंदर्य अर्धवट आहे. पण पाडून टाकल्याने तो इतिहास अधिक कळेल असेही नाही. उत्तर पाडण्यात नसून सांगण्यात आहे: कोण काम करी, किती वजन उचले, काय मजुरी मिळे, कोणत्या मागण्यांसाठी झगडे, हे तळमजल्यावर, विनातिकीट, त्या भागाच्या भाषेत मांडले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, यंत्रांचे अवशेष सजावट बनतात. सिंगापूरच्या हॉटेलमध्ये दुहेरी उंचीच्या दालनात कप्प्या आणि चाके यांवरून घडवलेले दिवे टांगले आहेत. ते सुबक आहेत आणि जागेशी प्रामाणिकही. मात्र कप्पीच्या आकाराचा दिवा म्हणजे कप्पी नव्हे. या हॉटेलचे खरे यश त्याच्या तीन उतरत्या छपरांत आहे. नदीवरून पाहणाऱ्याला इथे गोदाम होते हे एका नजरेत कळते, कारण छपरांचा उतार आणि काठापासूनचे अंतर बदललेले नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हेच तत्त्व सांगितले आहे: समाजोपयोगी वापर स्वागतार्ह, पण वापरासाठी वास्तूची रचना बदलू नये.

९. मुंबईची बाजू

हा विषय आपल्या दारात आला आहे. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८०, व्हिक्टोरिया डॉक १८८८, अलेक्झांड्रा म्हणजे आजचा इंदिरा डॉक १९१४. त्यांच्या पाठीशी दाणाबंदर, कॉटन ग्रीन, शिवडीच्या वखारी. १९८९ मध्ये न्हावाशेवा सुरू झाल्यावर या पट्ट्याचे पूर्वीचे काम झपाट्याने कमी झाले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या तर बुजवल्या गेल्या. मुंबई बंदराच्या ताब्यातील सुमारे १,८०० एकर जमिनीचे काय करायचे, ही चर्चा गेली अनेक वर्षे सुरू आहे.

गिरण्यांचा धडा समोर आहे. १९९१ च्या नियमांत गिरणीची जमीन तीन वाट्यांत विभागायची होती: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप फक्त आधीच मोकळ्या असलेल्या भागापुरते उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. गिरणगावात त्यानंतर काय उभे राहिले ते आपण सगळे पाहतो. काही ठिकाणी चिमणी उरली, तिच्याखालचे काम पुसले गेले.

मुंबईकडे एक दुर्मीळ गोष्टही आहे. पोती वाहणाऱ्यांच्या हक्कासाठी १९६९ चा माथाडी कायदा याच महाराष्ट्रात झाला, अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून. मशीद बंदराच्या गल्ल्यांतला माथाडी हा या वखारींचा सहनिर्माता आहे. कोचीत अ‍ॅस्पिनवॉल हाउस हे व्यापारी आवार २०१२ पासून बिएनाले या कलामहोत्सवासाठी लोकांना खुले झाले. ससून डॉकवर २०१७ मध्ये मासळीच्या धक्क्यालगत कलाप्रदर्शन भरले आणि शहराच्या लोकांनी ते पाहायला गर्दी केली. लोकांना ही जागा हवी आहे, याला आणखी पुरावा नको.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून जमिनीच्या मालकाने, म्हणजे बहुधा सार्वजनिक संस्थेने, भाडेकरारात घालाव्यात अशा पाच अटी निघतात.

१. तळमजला आणि पाण्यालगतची पट्टी कायम खुली राहील. हॉटेल वरच्या मजल्यांवर किंवा एका बाजूस असेल.

२. खोल्यांची कमाल संख्या इमारतीच्या मोजणीनंतर आणि निविदेपूर्वी ठरेल.

३. दर्शनी भिंतीत नवी भोके पाडली जाणार नाहीत. उजेड छतातून, चौकातून किंवा मूळ चौकटीतून घेतला जाईल, आणि नवे काम नवे म्हणून ओळखता येईल.

४. उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा खाऱ्या हवेने होणाऱ्या झिजेच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात जाईल.

५. तिथे काम केलेल्यांचा इतिहास, त्यांच्या संघटनांच्या सहभागाने, मराठीत आणि विनामूल्य मांडला जाईल.

या अटी मान्य करूनही हॉटेल चालते, हे केपटाउनने बरेचसे दाखवले आहे. त्या ज्याला परवडत नाहीत त्याला ती इमारत द्यायची गरज नाही. किनारा थांबू शकतो, कारण योग्य वापर मिळेपर्यंत छप्पर शाबूत ठेवण्याचा खर्च चुकीच्या कराराच्या नुकसानीपेक्षा बहुधा कमी असतो. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वखारींची मोजणी, नोंद आणि दर्जानिश्चिती त्यासाठी आजच झाली पाहिजे. करारावर सही होण्याआधी शहराच्या हाती असलेले साधन तेवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.